कडुनिंबाला दिलेलं सलाईन

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकूवर आणि तिच्या गाभण शेळीवर. गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, आंजी गावात, आमच्या दारासमोर. शेळीच्या तोंडातून लाळेची तार सुटली, पाय लटपटले आणि ती आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर आले तोवर ती गेली होती. पोटातली पिल्लंही.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"निंबाचा पाला. रोजचाच," काकू म्हणाली.

निंब चौकातला. त्याचे शेंडे वाळत चालले होते, म्हणून दुकानदारांनी आदल्याच आठवड्यात वर्ध्याहून माणूस बोलावला होता. त्यानं बुंध्याला ड्रिलनं तिरपी भोकं पाडली, मोठ्या सिरिंजनं औषध आत सोडलं आणि भोकं मेणानं बुजवली. आम्ही सगळे बघत उभे. "झाडाले सलाईन लावून राह्यले व माय!" म्हणून काकू केवढी हसली होती! मलाही पटलं होतं. फवारणी नाही, वाऱ्यावर विष उडणं नाही, औषध थेट झाडाच्या पोटात. पद्धत चांगली आहे, हे मी आजही म्हणते.

"ही विषबाधाच," डॉक्टर म्हणाले, तशी मी तडक किराणा दुकानात गेले. पुढाकार तिथल्या शेटजींचा होता. त्यांनी उरलेली बाटली काढून दाखवली. वर लाल त्रिकोण. ज्या गावात पोराटोरांना कळतं की लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष, त्या गावात!

"शेटजी, पाला तोडू नका असं सांगितलं काऊन नाई?"

"अवो बाई, भोक बुडाले पाडलं. पानाले कोणी हात लावला?"

ते थट्टा करत नव्हते. खरंच तसं समजत होते.

"आणि तो औषधवाला? तो काही बोलला नाई?"

"बोलला ना. बाटली पोरायच्या हाती लागू देऊ नका म्हने."

बाटली जपायची, आणि झाड? अहो, औषध पानात चढावं म्हणूनच तर बुंध्यात घालतात. नाहीतर वरची कीड मरणार कशी? मी तेच ओरडून सांगितलं. शेटजींचा चेहरा उतरला.

"उद्या पाडवा हाय," ते हळूच म्हणाले. "सुनेनं पाला आनून ठेवला. नातवाले पयला घास…"

गल्ला उघडा टाकून घराकडे पळाले.

पाडव्याला कोवळा कडुनिंब गुळाबरोबर खायचा आणि आधी लेकरांच्या तोंडात घालायचा, हे आमच्याकडे घरोघरी. आणि अख्ख्या चौकाचा पाला त्याच झाडाचा. मी दारोदार फिरले. मी एरवीही गावात कशाकशावर पत्रकं वाटते, म्हणून पानठेल्यावरचे हसले, "झालं! आता निंबावरही हिचं पत्रक निघते." कोपऱ्यावरच्या मावशी चिडल्या. "कडू खाल्ल्याबिगर वर्ष सुरू करू का व? पोट्टे, सनासुदीचं असं अभद्र बोलू नोको."

"मावशी, अवंदा नुसता गूळ खा."

त्यांनी दार लावलं.

मग काकू उठली. रडून डोळे सुजलेले. तिनं शेळी पोत्यावर घेतली, नवऱ्याच्या मदतीनं ओढत नेली आणि निंबाच्या बुडाशी ठेवली. "पुरत नाई मी हिले. उद्या सकाळी पाला तोडाले येतीन, त्यायले दिसू दे."

सकाळी माणसं आली, बघितलं आणि गुमान मागं फिरली. मावशीसुद्धा. शेटजी स्टूल टाकून तिथंच बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. काकूकडे मात्र त्यांना बघवत नव्हतं.

त्या औषधवाल्याचं काही वाकडं झालं नाही. तो दुसऱ्या गावी ड्रिल घेऊन फिरत असेल. कदाचित तुमच्याच.

म्हणून तुम्हाला सांगते. झाड वाचवा, जरूर वाचवा. पण ड्रिल लागायच्या आधी त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा, औषध कोणतं? पाला, फूल, फळ कधीपर्यंत तोडायचं नाही? उत्तर नसेल तर भोक पाडू देऊ नका. उत्तर असेल तर ते पाटीवर लिहून त्याच्याच हातानं बुंध्याला बांधून घ्या. आणि गावात ज्याच्या दारात शेळी आहे, त्याच्या दारी स्वतः जाऊन तोंडानं सांगा. त्याच दिवशी.