जनकाबाई घाटाखाली जातात

साखरखेर्ड्याच्या जनकाबाईंना नवीन माणूस भेटला की त्या आधी त्याचं गाव विचारत, मग तिथलं पाणी कसं आहे ते विचारत, मग तिथं भाकरी कशाची करतात ते. नाव सगळ्यात शेवटी. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडून त्यांनी तिच्या गावची सगळी हकिगत काढून घेतली, आणि ती बाई नवरीकडची की नवरदेवाकडची हे विचारायचंच राहून गेलं. नवरा इंद्रभान म्हणायचा, "हिला एक वेळ जेवायला नसलं तरी चालतं. उत्तर देणारं माणूस पाहिजे."

इतकं विचारणारी बाई फिरली मात्र फारच थोडी. एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर, काही वेळा जालन्याला लग्नकार्याला, बाकी मेहकर आणि चिखलीचे बाजार. उरलेला जन्म शेतात. थोडं स्वतःचं, बाकी दुसऱ्याचं. परकर नेसत होत्या तेव्हापासून त्या कापूस वेचत आल्या होत्या.

त्यांची एकुलती लेक धम्मशीला परिचारिका झाली. जावई संघर्ष रेल्वेच्या वीज विभागात. दोघांची बदली मलकापूरला झाली आणि लेक घाटाखाली गेली. जिल्हा एकच, पण बुलढाण्याच्या पुढं राजूर घाट उतरला की घाटावरच्या माणसाला मुलूख बदलल्यासारखं वाटतं. बोली बदलते, ऊन बदलतं.

धम्मशीला फोनवर म्हणायची, "आई, करमत नाही गं. ओळखीचं कोणी नाही इथं."

"शेजारी कोण राहतं?"

"काय माहीत. दार बंदच असतं."

"कोणाचं? त्यांचं का तुझं?"

धम्मशीलानं विषय बदलला. दिवाळीनंतर पहिली वेचणी उरकली, तशा जनकाबाई पिशवी भरून निघाल्या.

बुलढाण्याहून मलकापूरच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा धरली. घाटाच्या वळणांवर कानात दडे बसले. खाली सपाट काळं रान पसरलेलं दिसलं तेव्हा त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "भाऊ, ही जमीन इतकी सरळ कोणी केली?"

"आमच्या जन्माच्या आधीचं काम आहे मावशी," कंडक्टर म्हणाला.

मलकापूर जवळ आलं तसं एका लांबलचक भिंतीच्या वर पांढरं काहीतरी डोकावताना दिसलं. डोंगराएवढा ढीग, आणि त्याच्यावरून एक माणूस चालत होता.

"हे काय हो?"

"जिनिंग. इथं सरकी काढतात. कापूस आहे तो."

"एवढा!" असं म्हणून जनकाबाई मान वळवून बघत राहिल्या. भिंत मागं पडली तरी त्यांचं तोंड मागंच होतं.

संघर्षनं सगळा बेत आखून ठेवला होता. सोमवारी त्याला सुट्टी होती. गाडी सांगितली होती, आणि सासूबाईंना अजिंठ्याची लेणी दाखवायची होती. घरातल्या कॅलेंडरवर तिथल्या बुद्धमूर्तीचं चित्र त्यांनी वर्षभर पाहिलेलं होतं. त्या हरखल्या.

"जाऊ की! पण मला ते जिनिंग पण पाहायचंय."

"मामी, तिथं काय पाहायचं? फॅक्टरी आहे ती," संघर्ष म्हणाला. सासूला तो मामीच म्हणत असे.

"पाहिलं म्हणजे कळेल ना, काय पाहायचं ते."

दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामाला गेले. जनकाबाईंनी तुरीची डाळ शिजायला टाकली. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा घातलं. दाणा तसाच. विस्तव वाढवून पाहिला, झाकण ठेवून पाहिलं. शेवटी पाण्याचा घोट घेतला, तर खारट. त्यांनी पातेलं फडक्यात धरलं, तशाच बाहेर आल्या आणि शेजारच्या बंद दाराची कडी वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईच्या केसांवर कापसाचे तंतू चिकटलेले होते.

"बाई, तुमची डाळ शिजते का हो?" जनकाबाईंनी विचारलं.

ती बाई आधी पातेल्याकडं, मग त्यांच्याकडं बघून हसायलाच लागली. "बोअरचं पाणी घेतलं असन तुमी. त्यात दिवसभर ठेवा, काई होत नाही. डाळीले नळाचं पाणी लागते. कुठल्या तुमी?"

"घाटावरची. साखरखेर्ड्याची."

"मंग बरोबर. इकडं समदा खारा पट्टा. थेट पूर्णा नदीपर्यंत असंच."

"जमिनीत मीठ आलं कुठून?"

"ते मले नाही माहीत, अल्लाह जाणे," ती म्हणाली. "आत तं या. दार लवकर लावा, रुई उडते बाहीर."

तिचं नाव फातिमा. नवरा नजीर गाद्या-रजया करायचा. मागच्या खोलीत पिंजणयंत्र होतं. वाऱ्याची झुळूक आली की पिंजलेली रुई घरभर होते, म्हणून दार सदा लावलेलं.

संध्याकाळी धम्मशीला घरी आली तर दाराला बाहेरून कडी. आईचा पत्ता नाही. फोन आतच वाजत होता. ती घाबरली, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. मग शेजारच्या बंद दारामागून ओळखीचं हसणं ऐकू आलं. आत जनकाबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि फातिमासोबत गादीच्या खोळीला टाके घालत होत्या.

"आई! सांगून तरी यायचं."

"कोणाला सांगू? तू दवाखान्यात."

फातिमानं धम्मशीलाला हाताला धरून खाली बसवलं. "बेटी, तू रोज मान खाली घालून जातं. मले वाटलं, नर्सबाईले बोलायचं नसन आमच्याशी."

"मला वाटलं, तुम्हालाच नको असेल. दार कायम बंद," धम्मशीला म्हणाली. मग तिलाच हसू आलं, कारण बोलता बोलता तिच्या नाकात रुईचा तंतू गेला होता आणि ती शिंकायला लागली होती.

संघर्षही शोधत तिथंच आला. नजीरनं चहा ठेवायला सांगितला. बोलता बोलता सोमवारच्या गाडीचा विषय निघाला, तसा नजीर थांबला.

"सोमवारी? लेणी तं सोमवारी बंद राह्यते."

संघर्षनं मोबाइल काढून पाहिलं. खरंच होतं. त्याचा चेहरा असा पडला की जनकाबाईंना वाईट वाटलं. पण तेवढ्यात त्यांना दुसरंच सुचलं.

"नजीरभाई, तुम्ही रुई आणता कुठून?"

"जिनिंगमधून."

"मग सोमवारी मला न्या तिथं."

नजीर हो म्हणाला. संघर्षनं गाडी रद्द केली, आणि मोकळ्या दिवसाचं करायचं काय म्हणून तोही निघाला. धम्मशीलानं रजा टाकलीच होती. फातिमा म्हणाली, "मी एवढ्या वर्षांत नाही पाह्यलं, मी बी येतो."

फाटकावर सगळे अडले. तिथले देखरेख करणारे भगवंतराव वयस्कर गृहस्थ. नजीरला ते ओळखत होते, पण मागची मंडळी पाहून त्यांनी हात आडवा केला.

"नजीरभाई, तुमी या. बाकीचे काऊन? आत पट्टे फिरून राह्यले. एखादीचा पदर गेला त्यात, तं मी काय करू?"

संघर्ष काही बोलणार होता, पण जनकाबाईच म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसल्या. संघर्षला वाटलं, संपलं. पण तिथं कापसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. जनकाबाई एका ड्रायव्हरला त्याचं गाव विचारायला लागल्या. तो धामणगाव बढ्याचा निघाला. तिथं यंदा पाऊस कसा, बोंडअळी पडली का, बाया वेचायला कुठून येतात, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग दुसरा ड्रायव्हर. मग तिसरा.

भगवंतराव पुन्हा बाहेर आले, तेव्हा त्या तिथंच होत्या.

"बाई, गेल्या नाही तुमी? काय पाहायचं आहे तुम्हाले? इथं पाहायले कोणी येत नाही."

"भाऊ, मी लहान होते तेव्हापासून वेचते," जनकाबाई म्हणाल्या. "दिवसभर वेचायचं, संध्याकाळी ओझं बांधून मालकाच्या अंगणात टाकायचं. तिथं माझ्यासाठी कापूस संपला. गाडी भरून जाताना दिसते, पण जाते कुठं, तिथं त्याचं काय करतात, कधी पाहिलं नाही. बाकी जगाला सगळं विचारत बसले. हेच राहून गेलं."

भगवंतराव आत गेले आणि कामगारांचे जुने डगले घेऊन आले. "पदर खोचा, वरून हे घाला, बटनं लावा. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं पाय नाही. माह्या मागं मागं."

आत आवाज इतका, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. हवेत तंतू तरंगत होते आणि उन्हाच्या तिरिपेत चमकत होते. कापूस पट्ट्यावरून वर चढे, यंत्रांच्या रांगेत पडे, आणि खाली सरकी गारांसारखी तडतडत यायची. रुई वेगळी होऊन मोठ्या नळातून पुढं जायची. जनकाबाई घरी वातींसाठी सरकी हातानं काढायच्या. इथं डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते त्यांच्या बोटांना पटेना. त्या दोन बोटं एकमेकांवर घासत उभ्या राहिल्या.

पट्ट्याच्या सुरुवातीला तोंडाला फडकी बांधलेल्या बाया बसल्या होत्या. पुढं जाणाऱ्या कापसातून पालापाचोळा, किडक्या बोंडाची कवडी, कचरा झटपट काढत होत्या. जनकाबाई तिथं थांबल्या त्या हलेनात. मनकर्णाबाई नावाच्या बाईची पाळी बदलली, तशी ती त्यांना बाजूच्या पडवीत घेऊन गेली. तिथं जरा ऐकू येत होतं.

"काय काय निघतं हो कापसात?" जनकाबाईंनी विचारलं.

मनकर्णाबाईनं कोपऱ्यातला पत्र्याचा डबा काढून उघडला. आत बांगड्यांचे तुकडे, टिकल्या, केसांच्या पिना, एका लहान पोरीची प्लास्टिकची फुलवाली क्लिप, आणि एक जोडवं.

"फेकावं वाटत नाही," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् केस तं इचारूच नका. लांब लांब केस. ते वेचता वेचता डोळे दुखतात."

जनकाबाईंनी जोडवं तळहातावर घेतलं. झिजून एका बाजूनं पातळ झालेलं. "कुठल्या गावचं, कळत नसेल."

"कसं कळन?"

"शोधत बसली असेल बिचारी. ओटी झटकून झटकून." त्यांनी ते हळूच डब्यात ठेवलं. वेचणाऱ्या बाईचं काहीतरी इथवर येत असेल, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आणि इथं त्या बाईची वस्तू जपून ठेवणारी कोणी असेल, हे तर नाहीच.

मनकर्णाबाई मग धम्मशीलाकडं वळली. "तुमी दवाखान्यातल्या ना? माह्या नातीले सुई तुमीच दिली. रडलीसुद्धा नाही पोरगी. आमच्या गल्लीत समद्या ओळखतात तुमाले."

"मला?" धम्मशीला म्हणाली. तिनं फातिमाकडं पाहिलं, मग आईकडं. आई पुढं निघाली होती. तिला त्या वेळी गाठी दाबायची प्रेस बघायची घाई झाली होती.

प्रेसमध्ये खोलीभर रुई दाबून एक गाठ होत होती. पट्ट्यांनी आवळलेली ताजी गाठ बाहेर आली तशी जनकाबाईंनी भगवंतरावांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. जनकाबाईंनी गाठीवर हात ठेवला, आणि कापूस दगडासारखा लागला म्हणून हसल्या.

"आता ही जाणार कुठं?"

"ही? तमिळनाडूत. कोइम्बतूरकडं. तिथं सूत होते."

"मग?"

"मंग कापड. ते कुठं जाईन, कोणाच्या अंगावर, देव जाणे."

जनकाबाईंनी डगल्याच्या गळ्यातून बोट घालून आपल्या साडीचा काठ बाहेर ओढला. "ही तर पॉलिस्टरची आहे," त्या म्हणाल्या. "जन्मभर कापूस वेचला, अन् अंगावर त्याचा धागा नाही." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. विहिरीत किती खोल पाणी आहे ते वाकून बघावं, तसं त्या स्वतःकडं बघत होत्या. भगवंतराव मात्र गंभीर झाले आणि परत फाटकापर्यंत सोडायला आले.

त्या आठवड्यात पुन्हा गाडी ठरली आणि अजिंठाही झाला. फातिमा सोबत होती. अंधाऱ्या लेण्यात जनकाबाई बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं की हे रंग कशाचे, ते टिकले कसे, आणि भिंतीवरच्या बायांनी नेसलेलं कापड कुठलं. शेवटच्या प्रश्नाला तो माणूस थबकला. "एवढं कोणी विचारत नाही आजी," तो म्हणाला.

परत निघायच्या दिवशी फातिमानं वरण-बट्टीचं जेवण केलं. शिजवलेलं अर्थात नळाच्या पाण्यात. धम्मशीलानं बट्टी तुपात बुडवून आईच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "मावशी मले बट्टी शिकवून राह्यली." 'मले' ऐकून जनकाबाईंनी लेकीकडं रोखून बघितलं. जेवताना लेक पुन्हा दोनदा तसंच बोलली.

गावी आल्यावर जनकाबाईंनी वेचणीच्या बायांना सगळं सांगितलं. डोंगराएवढा ढीग, गारांसारखी सरकी, डब्यातलं जोडवं. मग फर्मान काढलं, "केस फडक्यात बांधा नीट. तिकडं त्या बायांना वेचत बसावं लागतं." बाया आधी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी बहुतेकींची डोकी बांधलेली होती. सिंधूताई नावाच्या म्हातारीनं तर हातातली काचेची बांगडी काढून पिशवीत ठेवली. पुढच्या थंडीत आम्हालाही ने, म्हणून दोघी-तिघी मागं लागल्या आहेत. धम्मशीला म्हणते, या सगळ्या, फातिमामावशीकडं गाद्या आहेत.

मध्यंतरी संघर्षला सासूबाईंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी विचारलं, "बापू, ते सूत काढतात ते गाव, कोइम्बतूर. तिकडं आपलं कोणी नाही का?"

"नाही मामी. तिकडं कोण असणार?"

"तुमच्या रेल्वेत तिकडचा एखादा असेल की. विचारून तर पाहा."

संघर्षनं विचारलं. सिग्नलच्या कामावर एक गृहस्थ तिकडचे निघाले. त्यांची बायको वर्षातून एकदा मलकापूरला येते, असं कळलं. या खेपेला ती आली की तिला जेवायला बोलवायचं, असं जनकाबाईंनी लेकीला सांगून ठेवलं आहे. तिला मराठी येत नाही, आणि जनकाबाईंना तमिळ. ती अडचण आहे, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.