रोडगे घेऊन नर्मदेच्या बेटावर

नागपूरकडचे पाहुणे जबलपूरला येतात ते धबधबा आणि संगमरवरी खडक पाहायचं ठरवूनच. खुशाल पाहा. पण सोबत मुलं असतील तर एक अख्खा दिवस नर्मदेतल्या बेटासाठी ठेवा. खडकांवर मुलांचे हात धरून तुमचेच खांदे दुखतात. बेटावर वाळू आहे, उथळ पाणी आहे, जांभळांची सावली आहे. माझ्या मुलीच्या भूगोलात कर्कवृत्त जबलपूरच्या जरासं वरून जातं. म्हणजे बेट उष्ण कटिबंधातलंच झालं, आणि त्यासाठी जहाजात बसावं लागत नाही.

फाल्गुनात जा. जबलपूरच्या सदर बाजारातून टांगा उजाडायच्या आत निघाला पाहिजे, कारण दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही. नावेत चपला हातात घ्या. नाव वल्हवणारे केवट काही बोलत नाहीत, पण नर्मदामाईच्या अंगावर चपला कोणालाच आवडत नाहीत. बेटाच्या वरच्या टोकाला धार जोराची आहे, तिकडे मुलांना सोडू नका. खालच्या टोकाला पाणी गुडघ्याएवढं. तरी लहानांच्या कमरेला सुका भोपळा बांधाच.

आणि बरोबर पुरुषमाणूस हवाच, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आमच्या घरचे पुरुष दर फाल्गुनात बेटावर जाऊन रोडगे करायचे. कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. रोडगे पुरुषांनीच भाजायचे अशी रीत. आमचा वाटा संध्याकाळी फडक्यात बांधून घरी यायचा, गार आणि दगडासारखा.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. बरी झाली तर बेटावर तिच्याच हातून माईला रोडगा वाहीन, असा नवस मी बोलले. ती बरी झाली. त्यानंतर दोन फाल्गुन गेले, दोन्ही वेळा पुरुष गेले आणि आम्ही घरी राहिलो. मुलगी मला विचारायची, "आई, मग मी बरी झाले की नाही?"

तिसऱ्या वर्षी आमचे हे दौऱ्यावर होते. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, पोरीच्या नावाने मीच वाहतो. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. दाराआड उभं राहून मुलांच्या तोंडून बोलायचं.

"मोठ्या बाबांना विचार," मी मुलीला म्हटलं, "नवस कोणाच्या हातचा बोलला होता?"

"आईला सांग, बायका रोडगे भाजत नाहीत."

"विचार, काहून?"

"कधी भाजले नाहीत म्हणून."

माझी जाऊ, त्यांचीच बायको, भाजी निवडत होती. ती हळूच म्हणाली, "वीस वर्षं ह्यांना पोळ्या करून घालून राहिले मी. तेव्हा नाही आठवली रीत."

मी पदर सारखा केला आणि बाहेर आले. "उद्या आम्ही जातो. नाव सांगून ठेवली आहे."

भासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. ती काही बोललीच नव्हती. तरी तिलाच म्हणाले, "कच्चे राहतील."

आणि कच्चेच राहिले. मी आणि जाऊ, दोघी चुलीपाशी म्हाताऱ्या व्हायला आलेल्या, पण रोडग्यांजवळ कोणी कधी फिरकू दिलं नव्हतं. मी कणीक पोळ्यांसारखी सैल मळली आणि गोवऱ्या पेटल्याबरोबर गोळे आत टाकले. बाहेरून कोळसा, आतून लगदा. कच्चा नैवेद्य माईला कसा दाखवायचा? मुलगी हात धुऊन तयार बसली होती.

"ह्यांचं खरं झालं तर मी घरी येत नाही," जाऊ म्हणाली. "इथेच वांगी लावते."

केवटाची बायको जवळच वाळूत कलिंगडांच्या वेलांना पाणी घालत होती. ती येऊन हसली. "दीदी, लौ में क्या डालती हो? आग बैठ जाने दो." मग कणकेत बोट खुपसलं. "और ये तो रोटी का आटा है."

उरलेलं कोरडं पीठ घालून मी कणीक दगडासारखी मळली. जाळ बसला, गोवऱ्या पांढऱ्या झाल्या, तेव्हा गोळे आत पुरले. पोटात कावळे ओरडत होते, तरी कोणाला राख उकरू दिली नाही. बाहेर काढले तेव्हा त्यांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून वाफ येत होती.

मुलीने गुडघाभर पाण्यात जाऊन एक रोडगा सोडला. मासे लगेच आले. "आता झाले बरी," ती म्हणाली आणि दोन रोडगे खाल्ले.

संध्याकाळी भासऱ्यांच्या ताटात एक रोडगा वाढला. त्यांनी तो फोडून आत पाहिलं, बोटाने दाबलं, मग तूप मागितलं.

"आईला विचार, कोणी भाजले?"

"मी," मी दारातूनच म्हटलं.

"बरे झालेत," ते म्हणाले. ह्या वेळी मुलीकडे न पाहता.

पुढच्या फाल्गुनात पुरुष कोणत्या दिवशी निघाले ते मला माहीत नाही. आमची नाव आधीच सुटली होती.