भुताच्या बगीच्यातली दोन संत्री

कल्पना माझीच होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. बाबांना लकवा मारला तेव्हा अकोल्याची नोकरी सोडून मी शेंदूरजनाघाटला त्यांच्याजवळ राहायला आले. ते डावा पाय ओढत चालायचे, तोंड एका बाजूला फिरलं होतं आणि घाईत बोलले की शब्दांचा नुसता घरघराट व्हायचा. बगीचा मात्र सुटला नव्हता. आई गेल्यापासून संत्र्याची झाडं हेच त्यांचं गणगोत.

शहरातली पोरं ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन करतात, भीती वाटावी म्हणून लांब लांब जातात, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. म्हटलं, आपल्याकडे अंधार आहे, झाडं आहेत, पडकी विहीर आहे, आणखी काय लागतं? तीन संध्याकाळींचा बेत ठरवून फाटकावर ‘भुताचा बगीचा’ अशी पाटी लावली. भजनी मंडळातल्या चौघांना तोंडाला पीठ फासून झाडांमागे उभं केलं. त्यातला एक तर भूत होऊनही माणूस दिसला की आधी रामराम घालायचा. त्याला दोनदा समजवावं लागलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. गावच्या चिंचेखाली भूत फुकट भेटते, त्यासाठी अमरावतीहून कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना टीव्ही लावून दिला आणि आठ वाजेपर्यंत घरातच बसा म्हणून बजावलं. गर्दीत धक्का लागेल, असं कारण दिलं. खरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं.

पण बगीच्यात पाहुणे आलेत आणि आपण टीव्हीसमोर बसायचं, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. आमच्या बगीच्यातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं मी जन्मात पाहिलं नाही. वीजवाला आला तरी बाबा त्याच्या हातावर दोन संत्री ठेवायचे. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर पिकणारी संत्री नुकती रंगावर आली होती. टोपलीभर फळं घेऊन ते मागच्या दारानं निघाले आणि विहिरीजवळ पहिल्याच घोळक्यासमोर हात पुढे करून उभे राहिले. ‘घ्या’ म्हणाले असतील. त्याचा घरघराट झाला.

किंकाळ्या मला फाटकापर्यंत ऐकू आल्या. मला वाटलं, जमलं बुवा. पोरं धावत आली, एकीची चप्पल मागेच राहिली होती, आणि सगळी हसत होती. एकानं मला मोबाईल दाखवला. त्यात बाबा होते, उजेड थेट तोंडावर मारलेला, हातात दोन संत्री.

“काकू, हा म्हातारा एक नंबर आहे,” तो म्हणाला. “तोंडाचा मेकअप कोणी केला?”

मी थँक्यू म्हणाले. ते माझे वडील आहेत, एवढंच सांगायचं होतं. चार शब्द. ते निघाले नाहीत. मला लाज वाटली, आणि तीही स्वतःची नाही, बाबांची. मागे वळले तर बाबा टोपली घेऊन पाच पावलांवर उभे होते.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, “माय, मले पाहून लोकं काहून पळून राहिले होते?”

खेळच तसा होता बाबा, सगळ्यांनाच पाहून पळतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझं खोटं त्यांना मी लहान असल्यापासून ओळखता यायचं.

सकाळी मी पाटी काढली आणि उरलेल्या दोन संध्याकाळी रद्द केल्या. दहाच्या सुमारास व्यापारी बहर पाहायला आला. बाबा बाहेर निघाले ते दस्ती, म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल, डोळ्यांखालपर्यंत बांधून. व्यापाऱ्यानं दाढ दुखते का म्हणून विचारलं. मी गाठ सोडायला गेले, तर बाबांनी माझा हात धरला.

“राहू दे. पावना हाये, भिऊन जाईन.”

मग त्यांनी व्यापाऱ्याच्या हातावर दोन संत्री ठेवली.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हाही दस्ती तोंडावरच होती. घरात कुणी पाहुणा नव्हता. मी एकटीच होते.