आईने निवडलेला विषय

मंडळी, आज एमएस्सीचा फॉर्म भरायला टेकडीवर चढले. आमच्या कुंभारवाड्यात नेटवर्क तिथेच मिळतं. लाकडं गोळा करायला आलेली आई शेजारी बसली.

"काय काय शिकवत्यात, वाच की."

मी वाचलं: वनस्पतिशास्त्र, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र.

"शेवटचं काय गं?"

"दगडमातीचं शास्त्र."

"दगडाचं बी कॉलेज हाय व्हय!" ती हसली. मग जांभ्या दगडावर हात फिरवत म्हणाली, "ह्याला भोकं कशी पडत्यात, ल्हानपणी कुणी सांगितलंच न्हाई. मी हेच घेतलं असतं."

आईची शाळा चौथीत सुटली. घरातली पहिली पदवीधर मी. मी वनस्पतिशास्त्र भरलं, पण नंतर भूशास्त्राचा अभ्यासक्रम तिला वाचून दाखवत बसले.

तुमच्या आईला काय शिकायचं होतं? माझ्या आईचं मी आज पहिल्यांदा ऐकलं.