चालू डंका

"चालू डंको मदीच थांबवूचो नाय!" वयनी हात आडवा करून ओरडायची. गिऱ्हाईक ठसक्याने बेजार झालं तरी डंक्याची लोखंडी मुसळं मिरच्यांवर दणादण आपटतच राहायची. "एकदा थांबलो की परत सुरू होऊक नखरे करता."

लालबागच्या मिरची गल्लीत तुम्ही उन्हाळ्यात शिरला असाल, तर तिच्या दारात एकदा तरी शिंकला असालच. मसाला कांडायचा तो डंका नवऱ्यामागे तिनेच चालवला. शेजारचं खड्या मसाल्याचं दुकान माझं. मी तिला वयनी म्हणायचो, ती मला भावजी. नातं काही नाही, भांडण मात्र रोजचं. माझं दगडफूल जुनं म्हणून गिऱ्हाइकांसमोर मला झोडायची आणि वर माझ्याच दुकानात बसून चहा प्यायची.

मागच्या वर्षी भर सीझनमध्ये ती सारखी धण्याचं पाणी पिताना दिसू लागली. विचारलं तर म्हणे, लघवी लाल होते.

"दिवसभर मिरचीत बसतंय, उन्हाळी लागली हा. त्यात काय?"

आमच्या गल्लीत सगळ्यांनाच उन्हाळी लागते. त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही, उलट जो तो तिला सब्जा आणून देत होता. पाय सुजले तेव्हा कुठे तिची लेक तिला ओढत परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. सोबत मीही गेलो.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडात गाठ, आणि त्या गाठीचं शेपूट मोठ्या शिरेतून वर चढत थेट हृदयात शिरलेलं. त्याचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर माणूस उभ्या उभ्या जातो. म्हणून छाती-पोट उघडायचं, रक्त मशीनने फिरवायचं, हृदय थोडा वेळ थांबवून गाठ ओढून काढायची आणि मग ते पुन्हा सुरू करायचं.

वयनीने एवढंच विचारलं, "थांबवतले? आणि परत चालू झाला नाय तर?"

"बहुतेक वेळा होतं, मावशी," डॉक्टर म्हणाले.

परतताना टॅक्सीत ती एकदम म्हणाली, "भावजी, माका भीती वाटता." अख्ख्या गल्लीला दम देणारी बाई हो ती! मी "काही होत नाही" म्हटलं खरं, पण टॅक्सीवाल्याच्या पाठीकडे बघत.

ऑपरेशनच्या सकाळी तिने दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी भायर येईपर्यंत डंको चालू ठेवा. बंद करू नका हां!"

मी काही देवभोळा माणूस नाही. पण त्या दिवशी विजेच्या खटक्याजवळ जायची हिंमत होईना. डंका रिकामा चालवला तर उखळ फुटतं, म्हणून एकच घाणा पुन्हा पुन्हा कांडत राहिलो. तिखटाचं पार पीठ झालं. दिवा जरा मिणमिणला की माझा जीव वर-खाली व्हायचा. त्या दणदणाटात फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगू, मला तो ऐकायचाही नव्हता.

दुपार उलटल्यावर तिची लेक दारात आली. डोळे लालभडक. मिरचीनेच झाले असतील, असं मी स्वतःला सांगत होतो.

"काका, बंद करा आता."

"अगं, वयनीने बजावलंय मला."

"गाठ निघाली हो, काका. आईचं हृदय परत सुरूच झालं नाही."

माझा हात उठेना. शेवटी तिनेच आत येऊन खटका पाडला. मुसळं मंदावत मंदावत थांबली.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणी तरी नेहमीचं गिऱ्हाईक ओरडलं, "काय गो वयनी, आज डंको मदीच कसो थांबलो?"