साबणाच्या चार वड्या आणि विद्यापीठाचा गाळा

नातीनं विचारलं, "आजी, तू पहिल्यांदा कामासाठी नागपूरला कधी गेलीस?" लग्नाची खरेदी, दवाखाना आणि नातेवाइकांची बारशी सोडली, तर उत्तर एकच. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा संपत आला होता, आणि पिशवीत साबणाच्या चार वड्या होत्या.

पारशिवनीला आम्ही मोहाच्या बियांच्या तेलाचा कपडे धुवायचा साबण करायचो. म्हणजे शिजवायचे मी, आणि आठवडी बाजारात विकायचे आमचे हे. विद्यापीठाच्या रसायन विभागामागे पत्र्याचे सहा गाळे आहेत, नवं काही बनवणाऱ्याला तिथं वर्षभर जागा मिळते, प्रयोगशाळा वापरू देतात, असं यांना कुणीतरी सांगितलं. यांनी अर्ज केला, बोलावणं आलं. गाळा नाही मिळाला तर हे नागपूरपलीकडच्या हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर लागणार होते. मित्रानं शब्द टाकून ठेवला होता. म्हणजे हे तिकडं, मी इकडं, आणि साबणाची कढई माळ्यावर. मला ते नको होतं.

सकाळच्या एसटीनं निघालो. आमडी फाटा, कन्हानचा पूल, कामठी. सकाळी जाणाऱ्यांनी उजव्या खिडकीला बसावं, संध्याकाळी येतानाही उजव्याच; नाहीतर कन्हानपर्यंत ऊन खाल. आता रस्ता चांगला झालाय. तेव्हा गाडी अशी आदळायची की दर दहा मिनिटांनी मी पिशवीत हात घालून वड्या चाचपायचे.

मुक्काम जरीपटक्याला, माझी मावसबहीण शांता हिच्याकडं. तिथला बाजार तेव्हाही गजबजलेला, चालताना खांद्याला खांदा लागायचा. शांतानं झुणका-भाकर वाढली, वर मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दाखव वं तुहा साबण." अंगणातल्या विहिरीचं पाणी काढून तिनं नवऱ्याची मळकी पँट घासायला घेतली. घासते, घासते, फेसच नाही. पाण्यावर फाटलेल्या दुधासारखा थर आला, आणि पँट होती तशीच.

"काहून वं, फेस नाही येऊन राहिला?" शांता म्हणाली.

"पाणीच खराब आहे इथलं," हे म्हणाले आणि पान खायला निघून गेले. मला मात्र झोप लागेना. घरी नदीच्या पाण्यात हाच साबण हात बुडेल इतका फेस करायचा. माझ्या हातून चुकलं कुठं?

दुसऱ्या दिवशी आधी टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. नागपूरला जाल तर रिकाम्या पोटी कुठल्याही कचेरीत जाऊ नका, आणि तर्री बेतानं घ्या. मग सायकल रिक्षानं विद्यापीठ. गाळे मला वाटले होते त्यापेक्षा साधे निघाले. फरशीची जमीन, भिंतीला चुना, दारात चपला. एका गाळ्यात बुक बायंडिंगचा डिंक शिजत होता. शेजारी एक तरुण विहिरीच्या पंपासाठी पेटी बनवत होता. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद.

"आज नववी पेटी जळली, सर," तो विभागाच्या सरांना शांतपणे म्हणाला. "पण कशानं जळते ते आता कळून राहिलं." सर म्हणाले, "छान." मला नवल वाटलं. आमच्याकडं एक कढई करपली तर आठ दिवस घरात बोलणी चालायची.

सहावा गाळा रिकामा होता. सरांनी वडी हातात घेतली, वास घेतला, नखानं खरवडली. मग यांना विचारलं, "याच्यात दोष काय आहे?"

"काहीच नाही सर. शंभर टक्के."

बाजारात हेच सांगायची सवय. विकणारा कधी आपल्या मालाला नावं ठेवतो का? मीही गप्प बसायला हवं होतं. सहावा गाळा समोर होता, हिंगणा मागं होता. पण तिथं पाणी आणि साबण जाणणारी माणसं बसली होती, आणि मला कळून घ्यायचं होतं. "सर," मी म्हटलं, "काल जरीपटक्याच्या विहिरीच्या पाण्यात याचा फेस आला नाही. घरी येतो. असं काहून होते?"

यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

सरांनी मात्र खुर्ची पुढं ओढली. थर कसा आला, पाणी उकळून पाहिलं का, तेल किती, क्षार किती. मी सांगत गेले. "विहिरीचं पाणी जड असतं," ते म्हणाले, "त्यातला चुना साबणाला धरून बसतो." मग अर्धा ताव पुढं केला. "हे सगळं लिहून द्या. खाली साबण बनवणाऱ्याचं नाव." मी लिहिलं. सरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

परतीच्या गाडीत हे कामठीपर्यंत तिकीट चुरगळत बसले. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर काहून सांगितलं? हातातोंडाशी आलेला घास घालवला." मला रडू आलं. वाटलं, खरंच घालवला.

दोन आठवड्यांनी पत्र आलं, तेही फिरत फिरत. पोस्टमननं आधी दोन गल्ल्यांत विचारलं होतं, सुमन कोण म्हणून. गावात मला कुणी नावानं ओळखतच नव्हतं. आत एकच ओळ कामाची होती: जड पाण्यातल्या दोषावर काम करण्यासाठी सहावा गाळा देण्यात येत आहे.

यांनी ते दोनदा वाचलं. "ह्यात माह्यं नाव नाही."

"नाही," मी म्हटलं.

यांनी पत्र परत पाकिटात घातलं. "मंग मी काय करू तिथं?"

"जे करता तेच. विका. पण कोणी दोष विचारला तर खरा सांगा."

आता त्या जागी मोठी इमारत आहे म्हणतात, फाटकावर नाव लिहून आत जावं लागतं. जाल तर जरूर जा, आतली माणसं विचारलं तर समजावून सांगतात. मला त्या प्रवासातून गाळा मिळाला, पण साबण जड पाण्यात बरा चालायला पुढं अख्खं वर्ष गेलं. यांना माझा राग किती दिवस होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हिंगण्याला नकार मात्र त्यांनी पत्र आलं त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं लिहिला, आणि कारणाच्या जागी लिहिलं: "पत्नीला नागपूरला काम लागले आहे."