गुडघ्यांची वाटणी

खाप्याच्या कोष्टी ओळीत कोणाचा गुडघा चोळून झाला आहे, हे विचारावं लागत नसे, वासावरून कळे. जवसाच्या तेलात लसूण काळा होईपर्यंत तळलेला, त्यात ओवा, आणि वरून रंभाबाईचे हात. तो वास लुगड्याला लागला की दोन धुण्यांत जात नसे. ओळीतले माग जमिनीतल्या खड्ड्यांचे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर एकीमागून एक पावडी दाबायची. चाळिशी उलटली की गुडघे बोलू लागत, आणि मग रंभाबाईच्या ओसरीशिवाय दुसरी वाट नसे.

रंभाबाईचा नवरा गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. पोरबाळ नाही. जे होतं ते हातात होतं. हात तिचे, आणि ओळीतले गुडघे, तिच्या समजुतीप्रमाणे, तेही तिचेच. एकदा सावनेरहून एक मालिशवाला आला होता. त्याच्याकडे जो जो गेला, त्याच्याजवळ बसून रंभाबाईने नुसता श्वास ओढला आणि विचारलं, "हे मोहरीचं तेल कोनाचं गा?" पुढचे दोन महिने त्या दुखणाइताला ओसरी बंद.

वच्छलाबाई तिची जिवाची. नवरा नत्थूजीची नजर अधू झाली तेव्हापासून माग वच्छलाबाईच चालवी. दोन्ही गुडघे सारखेच झिजलेले. बारा वर्षं दर शुक्रवारी ती त्या ओसरीत पाय पसरून बसत आली होती, आणि रंभाबाई कोणालाच देत नसे एवढा वेळ तिला देई.

ही गोष्ट शहात्तर सालची. त्या पावसाळ्यात वच्छलाबाई लेकीच्या, प्रेमिलाच्या, बाळंतपणासाठी नागपूरला जरीपटक्यात महिनाभर राहून आली. पुढेही नातवाला पाहायला म्हणून दर बुधवारी एसटीने जाऊ लागली. दसऱ्याच्या सुमारास तिचे गुडघे हलके झाले. बसलेली बाई कोणाचा हात न धरता उठू लागली.

रंभाबाईने आधी वास घेतला. जवस, लसूण, ओवा. परकं काही नव्हतं. मग तिला आभाळ ठेंगणं झालं.

"पाह्यलं का वं?" ती विहिरीवर सांगे. "बारा वर्षाचं दुखनं. माह्या हातानं ऐकलं."

ऐकणाऱ्यांत वच्छलाबाईही असे. ती मान खाली घालून बादली ओढत राही.

मग एका शुक्रवारी, दुपारच्या उन्हात, चोळता चोळता वच्छलाबाईला डुलकी लागली, आणि झोपेतच ती बोलली, "थोडं खाली... बाहेरच्या अंगाले. तिथं अंगठा ठेव ना."

रंभाबाईचे हात थांबले.

"तिथं कोन ठेवते अंगठा?"

वच्छलाबाईचे डोळे खाडकन उघडले. पण आता लपवणार काय?

"जरीपटक्यात एक चिनी दातवाला हाय. त्याची माय."

"चिनी? ज्याईच्याशी लढाई झालती, थे?"

"कलकत्त्यात जन्मली वं थे. तिचा बाप तिथं हेच करे."

"तेल कोनतं लावते?"

"तेल नाही लावत. वरून कापड टाकते, अन् कोरडंच दाबते."

कोरडंच! त्या एका शब्दानं रंभाबाईची तळव्याची आग मस्तकात गेली. तेल असतं तर वास आला असता, वास आला असता तर तिने भांडून घेतलं असतं. या बाईने मागे गुणाशिवाय काही ठेवलंच नव्हतं.

"अन् मी विहिरीवर बोंबलून राहिली होती, तवा तुले तोंड नोतं?"

"तू केवढी खूश होती," वच्छलाबाई म्हणाली. "माह्याच्यानं बोलवलं नाही."

चार दिवस रंभाबाईने तिच्याकडे पाठ फिरवली. पण बुधवारी सकाळी एसटीत वच्छलाबाईच्या शेजारी रंभाबाई येऊन बसली. "मलेही पाहू दे," एवढंच म्हणाली, आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

दातवाल्याच्या दुकानामागे पडदा लावलेली एक खोली होती. बाईचं नाव मेई-हुआ, पण सारा जरीपटका तिला आन्टी म्हणे. बुटकी, पांढऱ्या आखूड केसांची, बाह्या दुमडलेली. तिने वच्छलाबाईच्या मांडीवर कापड पसरलं आणि तळहाताची मागची बाजू त्यावर लाटण्यासारखी फिरवली, पुढे मागे, पुढे मागे, मांडी सैल पडेपर्यंत. मग वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत अंगठे. मग गुडघ्यामागे. मग चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. घाई नाही, जोर नाही. नुसतं अंगाचं वजन अंगठ्यात उतरायचं आणि परत वर जायचं.

रंभाबाई दाराशी उभी होती. हात खोटा निघावा म्हणून ती तीस मैल आली होती. हात खरा होता. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, तिला कळलं, आणि तेच तिला सोसवेना.

दाबता दाबता आन्टीने नाक मुरडलं.

"फिर तेल! हम कितना बार बोला, बंद करो. दबाता हम है, नाम तेलवाली का होता है. कौन है वो? छोड़ती काहे नहीं?"

वच्छलाबाई छताकडे पाहू लागली.

"मी हाय थे तेलवाली," रंभाबाई दारातून म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, सवतींनी पाहावं तसं. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती, पण भांडण कुठे अडलं नाही. तुझ्या तेलाने कातडी मऊ होते, आतलं काही हलत नाही, असं एकीचं. तुझ्या कोरड्या दाबण्यात ऊब कुठे आहे, असं दुसरीचं. शेवटी आन्टीने वच्छलाबाईच्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली.

"ये हमारा. वो तुम्हारा. संक्रांत तक देखो. जो हारेगा, छोड़ देगा."

"उजवा माहा," रंभाबाई म्हणाली. "कबूल."

"मी मानूस हाय का गुळाची ढेप?" वच्छलाबाई उठून बसली. "मले कोनी विचारत नाही का वं?"

कोणी विचारलं नाही.

मग अडीच महिने तसंच चाललं. बुधवारी डावा गुडघा नागपूरचा, शुक्रवारी उजवा खाप्याचा. रंभाबाईने तेलात काय काय घातलं नाही! उजव्याला ती आधी तासभर देई, आता दोन तास. डाव्याकडे पाहतसुद्धा नसे. पाहिलंच, तर परक्याच्या पोराकडे पाहावं तसं. ओळीत बातमी पसरली होती, आणि बायका संक्रांतीची वाट पाहत होत्या.

संक्रांतीला सकाळी साऱ्या कन्हानच्या घाटावर आंघोळीला निघाल्या. वर उभं राहून ओळीतली रुख्माबाई म्हणाली, "उतर वं वच्छले. पाहू दे सवतींचा निकाल."

वच्छलाबाई उतरू लागली. प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी खाली पडे, आणि डावा मागून येई. उजवा, मग डावा. शेवटच्या पायरीपर्यंत तसंच.

"उजवा पुढं!" रुख्माबाई ओरडली. "जितली, रंभाबाई जितली!"

बायकांनी तिला गराडा घातला, हातावर तिळगूळ ठेवला. रंभाबाईने तो तोंडात टाकला. तीस वर्षांत तिने पायऱ्या उतरणारे किती गुडघे पाहिले होते! चढताना धड पाय आधी जातो. उतरताना दुखरा आधी खाली टाकतात, कारण अंगाचा भार घेऊन वाकायचं काम मागे राहिलेल्या पायाचं असतं. भार पेलत होता तो डावा. ती हरली होती, आणि त्या साऱ्या घाटावर हे फक्त तिला कळलं होतं. ती हसली. हातावर आलेला दुसरा तिळगूळही तोंडात टाकला.

ते दिवस तिचे फार गोड गेले. पलीकडच्या ओळीतली माणसंसुद्धा ओसरीत येऊन बसू लागली. "चिनीनीले हरवलं म्हनतात?" ती पदर सावरून म्हणे, "हातात गुन असा लागते."

ठरल्याप्रमाणे वच्छलाबाईचं जरीपटक्यातलं दाबणं सुटलं. होळीपर्यंत डावाही धरू लागला. एका शुक्रवारी रंभाबाईने उजवा चोळून झाल्यावर सहज डाव्यावर हात ठेवला. सुजला होता. तो हात तिला उचलता येईना.

"उतरताना आधी दुखरा पाय पडते वं," ती हळूच म्हणाली. "मले घाटावरच समजलं होतं."

"मलेही," वच्छलाबाई म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

रंभाबाईने हातावरचं तेल पदराला पुसलं.

"बुधवारी जाय," रंभाबाई म्हणाली. "दोन्ही घेऊन जाय."

"अन् तू?"

"मले नको विचारू."

संध्याकाळी विहिरीवर तिने रुख्माबाईला थांबवलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घाटावर उजवा पुढं पडला, म्हंजे उजवा हरला. जितली थे चिनीन." कोणी हसलं, कोणाला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, पायऱ्या नव्हत्या तर विहिरीच्या काठावर पाय टाकून दाखवलं.

बुधवारी सकाळची एसटी वच्छलाबाईला घेऊन गेली. ओसरीत तीन माणसं पाय पसरून बसली होती. रंभाबाईने तेल तापवलं नाही. "आज नाही गा," ती म्हणाली, "उद्या या," आणि आत जाऊन उगाच जवस पाखडत बसली.